गच्चीवरची बोट

माझ्या थोरल्या दिरांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केली नाही. बाकीची माणसं आधी पडतात, चुकतात आणि मग शिकतात. आमचे भाऊजी प्रत्येक गोष्ट थेट दुसऱ्यांदाच करतात, कारण पहिली खेप त्यांनी घरी उरकलेली असते. ते बडोद्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत सुरक्षा विभागात होते. आग लागलेली नसताना ती लागली आहे असं समजून भोंगा वाजवायचा, सगळ्यांना बाहेर मैदानात रांगेत उभं करायचं आणि कोण चहाचा कप हातात घेऊन आला त्याचं नाव साहेबांना कळवायचं, हे त्यांचं काम. याला मॉक ड्रिल म्हणतात. खरी आग त्यांच्या नोकरीत एकदाच लागली, तीही कॅन्टीनमध्ये, आणि आचाऱ्याने उसळीचं पातेलं ओतून ती विझवली. भाऊजी तिला आग मानत नाहीत, कारण तिच्यासाठी कुणी रांगेत उभं राहिलं नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना घड्याळ दिलं. घड्याळ कपाटात गेलं, पण कंपनीतली शिट्टी ते गळ्यात घालून घरी आले, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात कुठलंही कार्य ड्रिलशिवाय झालं नाही.

तसं हे खूळ नोकरीच्याही आधीचं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे कवायत रक्तातच आहे असं माझ्या सासूबाई म्हणत. स्वतःच्या लग्नाची तालीम भाऊजींनी आदल्या आठवड्यात बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या आमच्या घरात घेतली होती. आमचे हे तेव्हा शाळेत होते आणि नवरी म्हणून यांना उभं केलं होतं; अजूनही सत्कारात कुणी हार घालायला आलं की हे दोन पावलं मागे सरकतात. पुढे भाऊजींनी शहराच्या टोकाला तरसालीला फ्लॅट घेतला, तर सामान हलवण्याच्या आधी रिकामा टेम्पो रावपुऱ्याहून तरसालीला नेऊन परत आणला. टेम्पोवाला म्हणाला, "काका, सामान?" भाऊजी म्हणाले, "आज सामान नाही. आज वळणं." पण कळस म्हणजे सासूबाईंचा जिना. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची लिफ्ट लहान, आणि सासूबाई पुष्कळ थकलेल्या. तेव्हा वेळ आली तर कसं न्यायचं याची तालीम भाऊजींनी एका रविवारी गादीची वळकटी बांधून घेतली. चौघं खांदेकरी जिन्यात घामाघूम, आणि सासूबाई दारात खुर्ची टाकून सूचना देत होत्या, "अरे, डोक्याकडची बाजू वर धरा. मला चक्कर येते." पुढे खरोखर वेळ आली तेव्हा कुणाचा खांदा भिंतीला लागला नाही, कुणाचा आवाज चढला नाही. त्या दिवशी जिन्यात मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला हसताना जरा जपून हसावं.

माझं आणि त्यांचं जमायचं ते याचमुळे. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. यादी केल्याशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही. फरक इतकाच, की मी काम झालं की यादीवर फुली मारते आणि भाऊजी फुली मारून मग कामाला लागतात. म्हणून त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या लंडनच्या पुतण्याने, दिवाळीत फोनवर जाहीर केलं की येत्या उन्हाळ्यात आई-बाबांना युरोप दाखवायचा, तेव्हा आखणीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. साधी सहल नव्हती ती. आधी रोम, मग अथेन्स, दोन्हीकडे मोठ्या हॉटेलांत मुक्काम, आणि मग ग्रीसच्या बेटांमधून आठवडाभर खाजगी बोट. यॉट म्हणे. तिच्यावर स्वयंपाकी वेगळा, कप्तान वेगळा. जायची माणसं अशी: पुतण्या आणि सूनबाई, भाऊजी आणि जाऊबाई, सूनबाईंचे आईवडील, आणि सूनबाईंच्या ऑफिसातले बॉस नि त्यांची बायको. सून गुजराती, तिचं माहेर इथेच, बडोद्यातल्या समा भागात. तिचे वडील कापडाचे मोठे व्यापारी. आम्ही त्यांना बडोद्याच्या रीतीने वेवाई म्हणतो, विहीणबाईंना वेवाण. आम्ही दोघं जाणार नव्हतोच. पुतण्या म्हणाला, "काकू, तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही. तू फक्त ऑर्गनाइज कर." मी केलं. घरातल्या कामसू माणसाला लोक मानतात ते बहुतेक वेळा दारापर्यंतच.

मी हॉटेलांची यादी केली की भाऊजी तिच्यात एक रकाना वाढवत. खोली कितव्या मजल्यावर, जिना किती रुंद, आग लागली तर पाहुण्यांनी जमायचं कुठे. रोमच्या हॉटेलाला त्यांनी स्वतः ईमेल पाठवून या सगळ्याची चौकशी केली. हॉटेलवाल्यांना हा कुणी तपासणी अधिकारी वाटला असावा. मॅनेजरचं आदबशीर उत्तर आलं, सोबत इमारतीचा नकाशा, आणि वर दोन खोल्या आपणहून मोठ्या करून दिलेल्या. मी पंधरा दिवस मागत होते ती सवलत यांना न मागता मिळाली. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम रावपुऱ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी झाली. आत अधिकारी म्हणून आमचे हे, बाहेर जाऊबाई.

"आपण रोमला कशासाठी जात आहात?" यांनी दरडावून विचारलं.

"ह्यांना विचारा," जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजींनी शिट्टी फुंकली. "नापास! तिथे 'ह्यांना विचारा' चालत नाही. परत."

"अहो, मला कुठे ठाऊक कशाला जातोय ते? लेक नेतोय म्हणून जातेय. असं सांगितलं तर चालेल ने?"

"चालेल," हे आतून म्हणाले. "मी देतो व्हिसा."

"तू शिस्त बिघडवतोस," भाऊजी भावावर डाफरले. पण त्या संध्याकाळी जाऊबाईंनी आणलेली सेव-उसळ खाताना ते मला म्हणाले, "मंदा, लेक नेतोय. हे उत्तर बरोबर आहे गं. पण इंग्रजीत बसवायला पाहिजे." आणि मग त्यांनी ते बसवलं. आमचा मुलगा आम्हाला नेत आहे, हे वाक्य ते इंग्रजीत इतक्यांदा घोकत, की लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांनाही ते पाठ झालं. कंपनीच्या कुंपणापलीकडे फारसं न गेलेल्या त्या माणसाला बेटं बघायची नव्हती, रोम बघायचं नव्हतं. मुलाच्या बोटीवर मुलाशेजारी उभं राहायचं होतं.

मग बोटीचं ड्रिल आलं. मे महिना, सकाळचे साडेसहा, तरीही तरसालीच्या त्या गच्चीवर फरशी तापायला लागलेली. पुतण्याने पाठवलेल्या नकाशावरून भाऊजींनी खडूने बोट आखली होती: पुढचं निमुळतं टोक पाण्याच्या टाकीशी, मागचं डिश अँटेनाशी, मध्ये चार केबिनी. केबिन एवढी अरुंद होती की जाऊबाई आत आडव्या झाल्या तर पाय शेजारच्या केबिनीत, म्हणजे बॉसच्या बायकोच्या उशाशी जात. भाऊजींनी जुन्या कंपनीमित्राकडून नारिंगी रंगाची जाकिटं आणली होती. जाऊबाईंनी सुती साडीवर ते जाकीट चढवलं, वर मंगळ बाजारातून घेतलेली रुंद काठाची नवी टोपी घातली आणि म्हणाल्या, "समुद्रात बुडायची तेव्हा बुडेन, इथे उन्हानेच मरतेय." सोसायटीतले लोक एकेक करून वर यायला लागले. कुणी फाफडा घेऊन आलं, कुणी खुर्ची.

"काका, आ शुं छे?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं.

"वहाण छे," भाऊजी म्हणाले. म्हणजे जहाज आहे.

"क्यां जाय छे?"

"ग्रीस."

"तो अमने भावनगर उतारी देजो ने!"

मग आम्हाला वाटेत भावनगरला उतरवा, म्हणे! सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी काकांना टाकीशी उभं राहायला सांगितलं, कारण बोटीवर चढलेला प्रत्येक माणूस ही त्यांची जबाबदारी होती. मग शिट्टी. "बोटीला आग! डाव्या बाजूने उतरा! ढकलाढकली नाही!" आणि फाफडेवाल्यांसकट सगळी सोसायटी रांगेने खडूच्या रेषेवरून उतरून गच्चीच्या समुद्रात उभी राहिली. जाऊबाई टोपी सांभाळत शेवटी आल्या आणि केबिनमध्ये चष्मा राहिला म्हणून परत आत गेल्या. भाऊजींनी दोन्ही हात आकाशाकडे नेले. ती मुद्रा मी जन्मात विसरणार नाही.

विसरायची सोयही नव्हती. शेजारच्या एका मुलीने ते सगळं मोबाईलवर टिपलं, खाली रडक्या बासरीचं संगीत जोडलं आणि इंटरनेटवर सोडून दिलं. बडोद्यात ते त्याच दिवशी सगळ्यांकडे पोचलं. माझ्या ऑफिसात एका प्राध्यापकांनी मला ते दाखवलं, वर "तुमच्याच ओळखीचे का?" हेही विचारलं. मी म्हटलं, "माझे दीर आहेत. तुमच्या इमारतीला आग लागली तर तुम्ही कुठून बाहेर पडाल, सांगा बघू." त्यांनी खिडकी दाखवली. आठवड्याभरात ते लंडनलाही पोचलं, आणि पुतण्याचा मला फोन आला.

"काकू, हिच्या बॉसने बघितलं. ऑफिसमध्ये सगळे हसत होते. हिला किती लाज वाटली असेल, विचार कर."

"हसू देत की. त्यात तुझे वडील लोकांना वाचवत होते."

"काकू, तुला कळत नाहीये. बाबा बोटीवर हेच करतील. बॉसच्या बायकोला शिट्टी वाजवून उठवतील."

"उठवतील," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? उठवलंच असतं. "मग?"

"मग... तूच सांग ना त्यांना. तुझं ऐकतात. सध्या नको म्हणावं. पुढच्या वर्षी आपण दुसरं काहीतरी करू, छोटंसं."

"हे काम मी करणार नाही," मी म्हटलं. "तुझे वडील आहेत, तू सांग." आणि फोन ठेवला. मला तेव्हा त्याच्या शाळेचा पहिला दिवस आठवत होता. भाऊजींनी त्याला आधीचा आठवडाभर रोज दप्तर लावून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं होतं, फाटकाशी त्याचं बोट सोडायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा सोडायचं. त्या वर्गात न रडलेलं ते एकटं पोर होतं. लंडनच्या नोकरीची मुलाखत फोनवर व्हायची होती तेव्हा भाऊजी टाय बांधून शेजारच्या खोलीतून त्याला इंग्रजीत प्रश्न विचारत. टाय कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्याला साहेब दिसणार नाही, पण मला साहेब व्हायचंय ना!" त्या टायमधल्या साहेबाने मुलाला लंडनला पोचवलं. आता मुलाला त्या साहेबाची लाज वाटत होती.

त्याने सांगितलं ते कुटुंबाच्या ग्रुपवर. एका डॉक्टर मित्राचं म्हणणं पडलं की ब्लड प्रेशरच्या माणसाने समुद्रावर आठवडाभर राहू नये, म्हणून जड अंतःकरणाने आई-बाबांचं या वेळी रद्द, खाली हृदयाची चिन्हं. घरातल्या बाकीच्यांनी हात जोडलेली चिन्हं पाठवली. एका नणंदेने लिहिलं, बरं झालं, तिकडे व्हेज मिळत नाही. ज्यांना स्वतःला कुणी कुठे नेत नाही त्यांना दुसऱ्याचं रद्द झालं की किती चटकन शहाणपण सुचतं! भाऊजींचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं: "सुरक्षेच्या कारणास्तव निर्णय योग्य आहे." मी रिक्षा करून तरसालीला गेले. ते खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला ब्लड प्रेशर कधीपासून?"

"मला नाही गं," वर्तमानपत्र न हलवता ते म्हणाले. "मी बरोबर असलो की त्याचं वाढतं."

गोष्ट इथे संपली असती तर मी भाऊजींना साधा दुखावलेला बाप म्हटलं असतं. पण दोन दिवसांनी वेवाई तरसालीला आले. अवजड माणूस, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून आला आणि आधी तांब्याभर पाणी प्यायला. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात आहोत हे पाहून म्हणाला, "वेवाई, मने तरतां नथी आवडतुं. पाणीनी बहु बीक लागे छे." पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती वाटत होती, आणि लेकीला नाही म्हणायची हिंमत नव्हती. "मला तुमचं ते ड्रिल द्या," एवढं मात्र मराठीत म्हणाला.

जाऊबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. मला म्हणाल्या, "आपल्याला टाकून जाताहेत, त्यांना हे शिकवणार! मंदा, तू तरी सांग." मी सांगितलंही. भाऊजी म्हणाले, "माणूस घाबरून पाण्यावर गेला तर बुडतो. मग कुणाचाही सासरा असो." दुसऱ्या सकाळपासून ते रोज तरसालीहून समाला, म्हणजे गावाच्या या टोकाकडून त्या टोकाला, बसने जायला लागले. वेवाईंच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात त्या अवजड माणसाला नारिंगी जाकीट घालून उभं करायचे. नाक धर, उडी मार, हात पसर, वाट बघ. वेवाण काठावर माळ ओढत बसायच्या. शेवटच्या दिवशी वेवाई जाकिटात पाठीवर तरंगले आणि लहान मुलासारखे हसले. भाऊजींनी शिट्टी वाजवली नाही. टाळी वाजवली. निघायच्या दिवशी जाऊबाईंनी वेवाईंकडे थेपल्यांचे डबे पाठवले, लोणचं पाठवलं, सुपारीसुद्धा पाठवली. "टोपी मात्र दिली नाही," त्या मला ठासून म्हणाल्या. ती टोपी घालून त्या आता गच्चीवर कपडे वाळत घालतात.

मंडळी परत आल्यावर पुतण्या चार दिवस बडोद्याला होता. समाला सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर रोम झालं, अथेन्स झालं, निळं पाणी झालं. पुतण्या सासऱ्यांकडे बघत उत्साहाने सांगत होता, "पहिल्या दिवशी कप्तानाने जाकीट कसं घालायचं ते विचारलं, तर पप्पा पुढे! फटाफट घालून दाखवलं, वर बॉसला पण घालायला शिकवलं. बॉस इतका खूश! पप्पा, तुम्ही हे शिकलात कुठे?"

वेवाईंनी ताटातली पुरी खाली ठेवली. "तारा बापुजी पासेथी," ते म्हणाले. तुझ्या वडिलांकडून.

भाऊजी डाळीत भात कालवत होते. "बाबा तर काय, एक्स्पर्टच आहेत," पुतण्या म्हणाला आणि त्याने पुढचा फोटो लावला. मला वाटलं होतं तो मान खाली घालेल. माझा अंदाज सहसा चुकत नाही, तो चुकला. निघताना तो भाऊजींच्या पाया पडला, पुढच्या वर्षी नक्की काहीतरी करू म्हणाला, आणि भाऊजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बोटीला जिना कसा होता रे? लोखंडी?" त्याला आठवेना. वेवाई म्हणाले, "लाकडाचा."

त्यानंतर भाऊजींनी ड्रिल घेतलं नाही. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगांची झुंबड उडते, दर वर्षी आदल्या दिवशी ते कठड्याशी कुणी उभं राहायचं याची तालीम घ्यायचे. या वर्षी खाली घरात बसून चिक्की खाल्ली. नणंदेच्या मुलीच्या लग्नात वरमाला उलट्या बाजूने आली, फोटोवाला ओरडला, गोंधळ झाला, आणि भाऊजी पहिल्या रांगेत इतर म्हाताऱ्यांसारखे नुसते बघत राहिले. लोक म्हणाले, आता किती शांत झाले! वयाने माणूस निवळतो म्हणाले. आमच्या घराण्यात माणसाचा आवाज बंद झाला की त्याला निवळणं म्हणतात.

मागच्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाऊबाईंचे गुडघे दुखतात म्हणून मी बरोबर गेले. नर्सने त्यांना हिरवा अंगरखा घातला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. गळ्यात काही नव्हतं, बोटात अंगठी नव्हती, आणि ते दवाखान्याच्या दाराकडे असे बघत होते जणू आयुष्यात पहिल्यांदाच एखादं दार बघताहेत. मग म्हणाले, "मंदा, आत काय करतात गं?"

मी आदल्या दिवशी नर्सला सगळं विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "भाऊजी, चला, आधी ड्रिल." त्यांच्या समोर उभी राहिले आणि एकेक सांगितलं: आत गेलं की उजवीकडचं टेबल, पाठीवर झोपायचं, तोंडावर कापड येईल, घाबरायचं नाही, खोकला आला तर आधी हात वर करायचा, मध्ये बोलायचं नाही. त्यांनी बाकावर बसल्याबसल्या हात वर करून दाखवला. मला त्यांचा जुना आवाज ऐकायचा होता. त्यांनी मला नापास करावं, परत म्हणावं, एवढंच हवं होतं. म्हणून शेवटी मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, "आणि मग डॉक्टर उजव्या डोळ्यात थेंब घालतील. उजव्याच डोळ्याचं आहे ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि दोन्ही डोळे मिटून बसले.